२६ आठवड्यांची पगारी रजा: बायकांची नोकरी टिकवते की घालवते?

कडूकारलं: परवापासून एका छोट्या उद्योजकाची पोस्ट फिरतेय. 'बाळंतपणाचे २६ आठवडे फुकट पगार मी द्यायचा, त्यापेक्षा पुरुष घेतलेला परवडतो.' खाली नुसत्या टाळ्या. तिथे लिहून उपयोग नाही म्हणून इथे.

१९६१च्या कायद्यात १२ आठवडे होते, २०१७च्या दुरुस्तीने २६ झाले, दोन मुलांपर्यंत. तिसऱ्याला १२च. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत झालं तर एक वर्ष. एवढ्याने धंदा बुडतो? रजा नाही दिली तर बाई राजीनामा देते. मग नवा माणूस शोधा, शिकवा, तो सहा महिन्यांत पळाला की परत शोधा. हा खर्च यांच्या वहीत कुठल्या पानावर असतो?

हिशेबनीस: ती पोस्ट माझी नाही, पण माझी असती तरी चाललं असतं. दहाच्या वर माणसं आहेत म्हणून मी कायद्यात बसतो. हिशेबाला दोघीजणी. एक रजेवर गेली, ऐन मार्चअखेर. तिचा पूर्ण पगार मी दिला, बदली माणसाचाही मीच. ती ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, असती तर पैसे तिथून आले असते, पण पगार २१ हजारांच्या वर गेला की ते दार बंद. म्हणजे पगारवाढ मी द्यायची आणि तिचा दंडही मीच भरायचा. टाळ्या वाजवणारे निदान तोंडावर बोलतात. मोठ्या कंपन्या मुलाखतीत गोड आवाजात 'पुढचा काय प्लॅन?' विचारतात आणि मग कळवतो म्हणतात.

सोनटक्का: भाषा सोडली तर हिशेबनीस बरोबर बोलताहेत (लिहिताना हात जड होतोय). आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०००चा करारही तेच म्हणतो, रजेचा पैसा सामाजिक विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून यावा, एकट्या मालकावर पडू नये. भारताने तो स्वीकारलेला नाही. आणि कडूताई, रजा वाढली की नोकरी वाढते इतकं ते सरळही नाही. ऑस्ट्रियाने १९९०मध्ये रजा एका वर्षावरून दोनवर नेली. आया कामावर उशिरा परतल्या, पुढे काही वर्षांनी फारसा फरक उरला नाही.

कडूकारलं: तिथे ते पैसे मालक देत नाही! मग ते उदाहरण इथे कशाला?

नानांचा_ओटा: रजेवर कशाला भांडताय? २६ संपले की २७वा आठवडा येतो. ५० कर्मचारी असले की पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हेही त्याच दुरुस्तीत आहे. सुनेच्या ऑफिसातलं पाळणाघर मी पाहिलंय. मोडक्या खुर्च्या, जुन्या फायली आणि मधोमध एक पाळणा, प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. तपासणीला तेवढं कुलूप उघडतात. आमच्याकडे खरं पाळणाघर म्हणजे आमची ही. त्यामुळे सून नोकरी करू शकते.

वर्षाराणी: काकूंना विचारलं होतं का कुणी?

माझ्या मुलीला सांभाळायला माझ्या आईने शिवणाचा क्लास बंद केला. चांगला चालला होता, लग्नसराईत ब्लाउजांचे ढीग असायचे. दोन्ही मशिनी विकल्या. माझी नोकरी टिकली, तिची गेली. तिला कुठले २६ आठवडे? तरी मी 'यशस्वी वर्किंग मदर'.

नानांचा_ओटा: आमच्या घरात कुणी कुणाला काय विचारायचं ते तुम्ही शिकवू नका. हिला आवडतं नातवाचं करायला.

वर्षाराणी: मग ते त्यांनीच लिहू दे की.

नानांचा_ओटा: ती त्याला झोपवतेय.

वर्षाराणी: झालं तर मग.

नानांचा_ओटा: यात हसण्यासारखं काय आहे? आजीने नातवाला सांभाळणं हा आता अन्याय झाला का? उद्या तिलाही पगार द्या म्हणाल.

वर्षाराणी: म्हणणारच. बाहेर बाई ठेवली तर देताच ना?

रात्रपाळी: आजी जाऊ द्या. रजेवर गेलेलीचं काम कोण करतं? मी. लग्न झालेलं नाही, म्हणजे मला घरच नाही असा सगळ्यांचा समज.

गोदाकाठ: तुमचं सगळं पगाराच्या स्लिपवाल्यांचं चाललंय. घरकाम, शेतमजुरी, बिगारी करणाऱ्यांना २६ आठवडे म्हणजे काय हेच माहीत नाही. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये, तेही कागद जुळले तर. आमच्या शेजारची बाळंतीण महिन्याभरात ओल्या अंगाने खुरपायला गेली.

कडूकारलं: मान्य. पण सगळ्यांना नाही म्हणून ज्यांना आहे त्यांचंही काढायचं का? मी म्हणते बापालाही द्या. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस आहेत, खासगीत कायद्याने शून्य. नॉर्वेने १९९३मध्ये ४ आठवडे फक्त बापासाठी राखले, घेतले नाहीत तर गेले. मग मुलाखतीत पुरुषालाही विचारा 'पुढचा काय प्लॅन?'

हिशेबनीस: वा, म्हणजे आता दोघांचाही पगार माझ्याच गल्ल्यातून! ईएसआयची ती मर्यादा उठवा, सगळ्या मालकांकडून वर्गणी घ्या, बाई असो वा नसो. ज्याच्याकडे सगळे पुरुष आहेत त्यालाही भरू दे. मग माझी तक्रार नाही. आईला द्या, बापाला द्या, नानांच्या घरीही द्या. फक्त मार्चअखेर सोडून.