रात्री प्राण्याला लागलं तर उघडा दवाखाना शोधायचा कसा? आणि सकाळपर्यंत थांबायचं कधी?

बोक्याची_आई:
आमचा बोका तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला, रात्रीची वेळ, आणि उचलून आणला तेव्हा अंगावर साधं खरचटलेलंही नाही, फक्त थोडा लंगडत होता आणि सरळ पलंगाखाली जाऊन बसला. घरातले सगळे म्हणाले की घाबरलाय, झोपू दे, सकाळी बघू. मला काही राहवेना म्हणून फोन लावत बसले. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद. मॅपवर "२४ तास उघडे" दाखवत होतं तिथे एका ठिकाणी फोन वाजून वाजून कट झाला आणि दुसरीकडचा माणूस म्हणतो, आणून ठेवा, डॉक्टर सकाळी येतील! मग २४ तास कशाचे? शेवटी एके ठिकाणी खरोखर डॉक्टर भेटल्या, एक्सरेमध्ये फुप्फुसाला मार निघाला, रात्रभर ऑक्सिजनवर ठेवला. आता घरी आहे, खातोय पितोय.
तर माझे दोन प्रश्न. खरंच चालू असलेला दवाखाना कसा ओळखायचा? आणि कुठल्या गोष्टीला रात्रीच पळायचं, कुठली सकाळपर्यंत थांबते? कारण दरवेळी घरात हाच वाद होणार.

रात्रपाळी:
मी प्राण्यांच्या इमर्जन्सी दवाखान्यात रिसेप्शनला असतो, त्यामुळे फोनची दुसरी बाजू सांगतो. "तुम्ही चालू आहात का" असं विचारलं की उत्तर हो असंच येणार, कारण दरवाजा उघडा असतो आणि माणूस पण असतो. विचारायचं असं की "डॉक्टर आत्ता या क्षणी तिथे हजर आहेत का, की बोलावल्यावर येतात?" बोलावल्यावर येत असतील तर किती वेळात. मग पुढचं, ऑक्सिजन आहे का, एक्सरे रात्री काढता का, गरज पडली तर रात्री ऑपरेशन होतं का, आणि अॅडमिट केलं तर रात्रभर जनावराजवळ कोणी थांबतं का. हे शेवटचं लोक कधीच विचारत नाहीत. बऱ्याच ठिकाणी पिंजऱ्यात ठेवून लाईट बंद करून सगळे घरी जातात, आणि छातीला मार लागलेल्या मांजरासाठी तेच नेमकं धोक्याचं.

नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही तरी पूर्ण वाजू द्या, रेकॉर्डिंग लागलं तर शेवटपर्यंत ऐका, त्यात पुष्कळदा रात्रीचा नंबर किंवा कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगितलेलं असतं आणि लोक पहिल्या वाक्याला फोन ठेवतात. जवळपास पशुवैद्यकीय कॉलेज असेल तर त्यांच्या हॉस्पिटलला विचारून ठेवा, काही ठिकाणी रात्रीपण बघतात. आणि हे सगळं दिवसा, काही झालेलं नसताना करा. नंबर नुसता सेव्ह करून भागत नाही, एकदा रात्री अकराला फोन करून बघा कोण उचलतं ते.

फोनवर गोष्ट सांगत बसू नका. कुत्रा की मांजर, अंदाजे वजन, काय झालं, किती वेळापूर्वी, श्वास कसा आहे, रक्त थांबलंय का, आणि किती वेळात पोचताय. एवढं कळलं की आम्ही टेबल आणि ऑक्सिजन तयार ठेवतो. आणखी एक, इथे नंबर आला तसं आत घेत नाहीत, ज्याची अवस्था जास्त वाईट तो आधी. तुम्हाला बाहेर बसवून ठेवलं तर चिडू नका, खरं तर ती चांगली बातमी असते. खर्चाचा अंदाज आधीच मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्हालाही सोपं जातं. रात्री मुख्य काम जीव स्थिर करायचं असतं, हाड बसवणं वगैरे बऱ्याचदा नंतर, नेहमीच्या डॉक्टरांकडे. जाताना रिपोर्ट आणि एक्सरे मागून घ्या.

शेपूटवाला:
ताई, तुम्ही गेलात तेच बरोबर केलंत. उंचावरून पडलेल्या मांजरांचा न्यूयॉर्कमधला १९८७ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, दवाखान्यात आणलेली १३२ मांजरं, त्यातल्या उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली. लोक हा आकडा धरून म्हणतात बघा मांजर पडून मरत नाही. पण ही दवाखान्यात आणलेली मांजरं, उपचार मिळालेली. जागेवर गेली ती यात नाहीत. आणि त्यातल्या बहुतेकांच्या छातीला मार होता, म्हणजे बाहेरून काही न दिसणारा. फुप्फुसाचा मार पहिल्या २४ तासांत वाढतो सुद्धा, त्यामुळे पडल्या पडल्या बरं दिसणं याला काही अर्थ नाही.

रात्रीच पळायचं ते: श्वासाला त्रास, मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, दाबूनही रक्त थांबत नाही, गाडीची धडक, उंचावरून पडणं, छाती-पोटाला चावा, डोळा बाहेर आलाय, मागचे पाय ओढतोय, फिट आली, शुद्ध हरपली. थांबू शकतं ते: थोडं लंगडतोय पण पाय टेकतोय आणि खातोय, नख तुटलं पण रक्त थांबलं, वरवर खरचटलं. मधलं जे आहे तिथे हिरड्या बघा. गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा डाग पडतो आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढरट, राखाडी किंवा निळसर दिसल्या, कान-पंजे गार लागले तर वाद बंद, गाडी काढा. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. बरा असताना एकदा बघून ठेवा म्हणजे फरक कळेल.)

निवांत_माणूस:
मला वाटतं आपण जरा जास्तच घाबरवतोय. दर लंगडण्याला रात्री नेलं तर मांजराचे त्या प्रवासानेच हाल होतात. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर मिळतात आता, आधी त्यांना दाखवावं, ते म्हणाले तर जावं.

रात्रपाळी:
दादा, नेऊ की नको हे ठरवायला व्हिडिओ कॉल चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण कॅमेऱ्यातून पोटातलं रक्त दिसत नाही की छातीत साठलेली हवा दिसत नाही. वरच्या यादीतलं काही असेल तर कॉल गाडीत बसून करा.

शेपूटवाला:
+१. चाव्याचं तर विशेष. वर दाताचं टिचभर भोक दिसतं आणि कातडीखाली सगळं मांस फाटलेलं असतं, मोठ्या कुत्र्याने छोट्याला धरून झटकलं असेल तर जास्तच. मांजराच्या चाव्याचं भोक एका दिवसात बुजतं आणि आत पू होतो. आणि भांडण सोडवताना तुम्हाला चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. रेबीजचा विषय आहे, "आपलंच कुत्रं आहे" म्हणून सोडू नका.

मनीमाऊ_७:
कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपली गोळी देऊ नका!! पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, त्यांच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या चॉकलेटी पडतात. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडन्या जातात. दुखतंय बिचाऱ्याला म्हणून अर्धी देतात आणि मग जखमेबरोबर विषबाधेचाही इलाज करावा लागतो, शिवाय डॉक्टरांना हवं ते पेनकिलर लगेच देता येत नाही. खायला-प्यायला पण नको, भूल द्यावी लागू शकते.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून घट्ट दाबा, पाच मिनिटं तरी उचलून बघायचं नाही, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. दोरी करकचून बांधू नका. हायड्रोजन पेरॉक्साईड ओतू नका, चांगल्या पेशी पण जळतात, साधं सलाईन बरं. काही घुसलेलं असेल तर ओढून काढायचं नाही. डोळा बाहेर आला असेल तर आत ढकलायचा नाही, सलाईनने ओला ठेवायचा आणि निघायचं.

न्यायचं कसं हे पण महत्त्वाचं. मांजर वर झाकण उघडणाऱ्या खोक्यात, टॉवेलसकट उचलून. मोठा कुत्रा चादरीवर किंवा फळीवर सरकवून, दोघांनी. दुखत असलं की सगळ्यात गरीब कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला मऊ पट्टी बांधा, पण उलटी होत असेल, श्वासाचा त्रास असेल किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल तर नाही.

सशाचा_मामा:
ससे आणि पक्षीवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं. रात्रीचे पुष्कळ दवाखाने फक्त कुत्रा-मांजर बघतात, दारात गेल्यावर कळतं. फोनवर पहिलं वाक्यच "ससा आहे, बघाल का" हे हवं. जखमी पक्षी हवेची भोकं असलेल्या अंधाऱ्या खोक्यात ऊबेत ठेवा, हातात घेऊन कुरवाळत बसू नका, त्या ताणानेच जातात. आणि सशाला लागलं नसलं तरी त्याने १२ तास काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सीच, आतडी थांबतात.

बोक्याची_आई:
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, सगळं कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकलं. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसा रात्री अकराला फोन करून बघितला, यादीतले निम्मे नंबर गळाले. आता एक शंका, बोका घरी आलाय तर श्वासावर लक्ष ठेवा म्हणून सांगितलंय, पण नक्की काय मोजायचं? तो सारखा घुरघुरतो त्यात मला काही कळत नाही.

शेपूटवाला:
गाढ झोपला की मोजा, घुरघुरताना नाही. छाती वर जाऊन खाली आली की एक. अर्धं मिनिट मोजा आणि दुप्पट करा. झोपेत ३० च्या आत हवा. सतत त्याच्यावर जायला लागला, किंवा श्वास घेताना पोट जोरात हलतंय, मान पुढे ताणून बसतोय असं वाटलं तर फोन करून थेट निघा. रोजचा आकडा तारखेसकट लिहून ठेवा, डॉक्टर तेच विचारतील.

बोक्याची_आई:
आत्ताच मोजला, २२ 🙂