मदत हवी आहे: पंखा मोठा लावला तरी बोट पळत नाही

उतावळा_नावाडी: लवकर सांगा कोणीतरी. दोन पात्यांचा पंखा काढून तीन पात्यांचा, एक इंच मोठा लावला. वेग होता तेवढाच, उलट बॅटरी आधीपेक्षा लवकर बसते आणि फ्यूज दोनदा उडाला. आता अजून मोठा पंखा घेऊ का थेट मोटरच बदलू?

वल्हंकरी: बोट रिमोटची की माणूस बसतो ती? लांबी, व्होल्ट, बॅटरी, काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

मॉडेलवाला: मोठा पंखा लावूच नका, ब्रशलेस मोटरचा केव्ही (दर व्होल्टला किती फेरे) आधी बघा, माझ्या रिमोटच्या बोटीचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) असाच जळाला होता, मग पाण्याने थंड होणारा बसवला तेव्हा सुटलो.

उतावळा_नावाडी: माणसं बसतात हो! ११ फुटी, आम्ही दोघं, १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टची (रेट्याची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोटीची छोटी विजेची मोटर, १०० एएच (अँपिअर-तास) लेड ॲसिड बॅटरी. फोनच्या जीपीएसवर ताशी ५ किमी.

लिथियमच_घ्या: लेड ॲसिड काढून टाका. जास्त अँपिअर ओढले की तिची क्षमता घसरते, १०० एएच नुसतं लेबलवर राहतं. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवते आणि वजन निम्म्याहून कमी.

वल्हंकरी: अहो पण फ्यूज उडतोय त्याचं काय? नवीन बॅटरी लावून तो उडायचा थांबणारे का? पंखा मोठा झाला की मोटरचे फेरे पडतात आणि ती जास्त अँपिअर ओढते, वेग मिळेलच असं नाही. ५ वरून ६ किमीवर जायला साधारण पावणेदोनपट ताकद लागते, कारण ती वेगाच्या घनाने वाढते. जुना पंखा परत लावा. आणि वायर किती जाडीची, किती लांब? कुठे तापते का?

ऊनपाणी: वर छोटं सोलर पॅनल टाकलं तर सावलीही होते, बघा विचार करून.

उतावळा_नावाडी: वायर ४ स्क्वेअर एमएम, मीच वाढवली, बॅटरी पुढे नेली ना, मागचा भाग फार बसत होता म्हणून. एका बाजूने ३ मीटर. जळका वास येतो, पण तो मोटरचा असेल असं वाटलं.

वल्हंकरी: हे आधी सांगायचं! बॅटरी पुढे नेलीत ते बरोबरच, पण जाऊन-येऊन ६ मीटर वायर, ४४-४५ अँपिअरला १ व्होल्टच्या वर तिथेच जातो. फुल स्पीडला बॅटरीवर आणि मोटरच्या जोडापाशी, दोन्हीकडे व्होल्ट मोजा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, साधा फक्त एसी दाखवतो.

उतावळा_नावाडी: जुना पंखा लावून मोजलं. ४४ अँपिअर, बॅटरीवर १२.१, मोटरपाशी १०.६! थिंबलचं (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या जोडाचं) कव्हर वितळून चिकटलेलं, कापलं तर आत तारा काळ्या पडलेल्या, आठ-दहा तारांवरच सगळा भार होता.

वल्हंकरी: १६ स्क्वेअर एमएम टाका, थिंबल नीट दाबून घ्या, फ्यूज बॅटरीजवळच ठेवा. आणि पंखा काढून शाफ्ट बघा, गळाची तंगूस गुंडाळली गेली की सील कापते आणि पाणी मोटरमध्ये शिरतं.

उतावळा_नावाडी: झालं सगळं. तंगूस निघालीच, वीतभर, सील वाचलंय. ५.५ किमी मिळतोय, वायर गार. खूप आभार!

लिथियमच_घ्या: दोन्ही दिशांना मोजलात ना? वारा पाठीशी असला तर आकडा फुगतो.

उतावळा_नावाडी: एकाच दिशेला मोजलं. उद्या परत जातो.