टेस्टिंगमध्ये नुसतं ‘बग’ म्हणून भागतं का?

खानापूरची (धागा सुरू करणारी)

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायच्या, जागेसाठी मी आमच्या भागातल्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे व्हीटीयूची, म्हणजे बेळगावच्या तंत्रशिक्षण विद्यापीठाची पदवी. एरर, डिफेक्ट, फेल्युअर यांतला फरक विचारला की इंग्रजी व्याख्या घडाघडा येते. तेच मराठीत उदाहरण देऊन सांग म्हटलं की गप्प. पाठ आहे, उमगलेलं नाही. आणि कामावर आल्यावर तिन्हींना एकच शब्द, ‘बग’.

माझं ठाम मत आहे की हे तीन शब्द रोजच्या कामात वेगळे ठेवलेच पाहिजेत. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर 2021 मध्ये बसवलं होतं. लीप वर्ष असेल तर व्याज काढताना 366 ने भागायचं, असा त्या संस्थेचा नियम. मार्च 2024 अखेर बचत खात्यांचं व्याज पडलं, तर कारकुनाने हाताने केलेल्या हिशेबाशी जुळेना. आमच्याकडे तक्रार नोंदली गेली: ‘व्याजात बग आहे.’ एवढंच. डेव्हलपरने दोन दिवस व्याजदराचा तक्ता तपासला. दर बरोबरच होते.

पासबुकात चुकीची रक्कम उमटली, ते फेल्युअर. कोडमध्ये 365 हा आकडा कायमचा लिहून ठेवलेला, तो डिफेक्ट. आणि गरजा लिहून घेताना लीप वर्षाचा नियम विचारायचाच राहिला, ती माणसाची चूक, म्हणजे एरर. डिफेक्ट तीन वर्षं तिथेच होता, फेल्युअर एकदाही दिसलं नव्हतं. ‘बग’ या एका शब्दात हे मावतं का, सांगा की.

निपाणीकर

अक्का, मुद्दा कळला, खरं पटला नाही. अकरा वर्षं पुण्यात हेच काम करतोय. जिरा या तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करताना प्रकार निवडायचा तोही ‘बग’च असतो. बग म्हणजे किडा; 1947 मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात खराखुरा किडा, एक पतंग, सापडला आणि तो वहीत चिकटवला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण एडिसनने 1878 च्या पत्रातही यंत्रातल्या दोषासाठी हा शब्द वापरलाय. सोपा आहे म्हणून टिकला. तुमचे दोन दिवस गेले ते नोंद अर्धवट होती म्हणून. खाते क्रमांक, तारीख, अपेक्षित रक्कम, आलेली रक्कम एवढं लिहिलं असतं तर ‘बग’ म्हणूनही तासाभरात सापडलं असतं.

आणि या शब्दांवर एकमत तरी कुठंय? स्मोक टेस्टिंग आणि सॅनिटी टेस्टिंग यांतला फरक बेंगळुरूच्या मुलाखतीत हमखास विचारतात. टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शब्दसूचीत मात्र हे दोन्ही समानार्थी दिलेत. खरं उत्तर देणारा पोरगा तिथं नापास होतो.

उद्यमबागवाला

मी सॉफ्टवेअरमधला नाही, फाउंड्रीत, धातूच्या ओतकामात आहे. पण अक्कांचं बरोबर आहे. आमच्या रिजेक्शनच्या वहीत नुसतं ‘माल खराब’ लिहिलं तर सुपरवायझर वही परत करतो. ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेलं भोक, असेल तर वाळूतली ओल आणि साच्यातून वायू बाहेर पडायची वाट बघायची. कोल्ड शट, म्हणजे धातूचे दोन प्रवाह नीट एकजीव न होणं, असेल तर ओतताना धातू थंड होता का ते बघायचं. उपाय वेगळा, म्हणून नाव वेगळं. आणि वरून गुळगुळीत दिसणारं कास्टिंग आतून पोकळ असू शकतं. गिऱ्हाईकाकडे प्रेशर टेस्टला गळलं की मग कळतं. तुमच्या त्या 365 सारखंच.

शहापूर पेठ

वेगळे शब्द ठेवा, फक्त त्यांचं मराठी करायला जाऊ नका. फेल्युअरला ‘अपयश’ म्हटलं की परीक्षेचा निकाल डोळ्यासमोर येतो. आमच्या टीममध्ये हुबळीचे, गोकाकचे, चंदगडचे लोक आहेत. कन्नडवाला ‘तप्पु’ म्हणतो, आम्ही ‘चूक’ म्हणतो. नोंदीत इंग्रजी शब्दच सगळ्यांना एकसारखा कळतो.

खानापूरची

शहापूर पेठ, शब्द इंग्रजीच राहू देत, समजावणं मराठीत व्हावं एवढंच म्हणते. मोटर रिवाइंड करून पहिल्यांदा चालू करताना धूर निघतो का बघतात, तसं नवीन बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या तयार प्रतीत, लॉगिन होतं का, खातं उघडतं का एवढंच आधी बघायचं, ते स्मोक टेस्टिंग. असं सांगितलं की पोरं विसरत नाहीत.

निपाणीकर दादा, स्मोक-सॅनिटीचं तुमचं मान्य, तो प्रश्न मी सोडून देते. पण सिव्हिरिटी, म्हणजे बिघाड किती गंभीर, आणि प्रायॉरिटी, म्हणजे दुरुस्ती किती आधी हवी, यांचं काय? पासबुकाच्या पहिल्या पानावर संस्थेचं नाव चुकीचं छापलं, तर सिव्हिरिटी किरकोळ. प्रायॉरिटी मात्र सगळ्यात वर, कारण उद्या सकाळी सभासद ते हातात घेणार. उलट ते 365 चं प्रकरण. आधीच्या रकमा दुरुस्त करून दिल्या की पुढचं लीप वर्ष 2028. पैशाचा हिशेब चुकतो म्हणून सिव्हिरिटी मोठी, तरी कोडमधली दुरुस्ती चार महिने थांबू शकते. दोन्हींवर नुसतं ‘बग, अर्जंट’ लिहिलं तर डेव्हलपरने आधी कशाला हात घालायचा?

निपाणीकर

हे मात्र मान्य. सिव्हिरिटी ठरवायची टेस्टरने, प्रायॉरिटी ठरवायची धंदा कळणाऱ्याने, आणि दोघांची गल्लत झाली की भांडणं होतात, हे मीही पाहिलंय. एरर-डिफेक्टच्या बाबतीत मी अजून माझ्या जागी आहे. निदान मुलाखतीत व्याख्या विचारू नका. चुकीचं छापलेलं पासबुक समोर ठेवा आणि नोंद लिहायला सांगा.

खानापूरची

चालेल. पुढच्या मुलाखतीला पासबुकाची नमुना प्रत आणि कोरा कागद ठेवते. नोंद मराठीत लिहिली तरी चालेल असं आधीच सांगेन.