रजिस्टर्ड इंजिनिअर: सही सक्तीची हवी का? (चर्चा)

लोडपाथ
गेल्या महिन्यात माझं प्रोफेशनल रजिस्ट्रेशन (इंजिनिअर म्हणून अधिकृत नोंदणी) झालं, दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी रिव्ह्यू इंटरव्ह्यूनंतर अर्ज परत आला होता आणि कारण एका ओळीत दिलेलं, की उमेदवाराने स्वतः घेतलेले निर्णय अर्जासोबतच्या अनुभवाच्या रिपोर्टमधून दिसत नाहीत. फार लागलं होतं मला ते. नऊ वर्षं स्ट्रक्चरलमध्ये काम केलेलं, रात्री जागून ड्रॉइंग काढलेली आणि हे म्हणतात निर्णय दिसत नाहीत. मग चार दिवसांनी शांतपणे रिपोर्ट उघडला तर पानोपानी ‘आम्ही’. आम्ही फाउंडेशन बदललं, आम्ही बीमची खोली वाढवली, आम्ही कॉन्ट्रॅक्टरला काम थांबवायला सांगितलं. मी-मी करू नये हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं ना, पण इंटरव्ह्यूत समोरच्या दोघांनी विचारलं की ओपन फूटिंग (उथळ पाया) सोडून पाइलवर (जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांवर) जायचं हे नक्की कोणी ठरवलं, तेव्हा माझ्या तोंडून खरं तेच आलं, सरांनी. आणि तो माझा रिपोर्टमधला सगळ्यात मोठा प्रोजेक्ट होता.

त्यानंतरचे चौदा महिने मी सरांच्या मागे लागून चेकिंगची जबाबदारी मागून घेतली. माझी सही, माझं नाव, साइटवरून फोन आला तर उत्तर मी देणार. पहिल्या सहीच्या आदल्या रात्री तीच कॅल्क्युलेशन मी तीनदा केली, त्याआधीच्या नऊ वर्षांत एकदाही अशी केली नव्हती. म्हणून मला आता मनापासून वाटतं की ज्याच्या चुकीने माणसं मरू शकतात अशा प्रत्येक इंजिनिअरला रजिस्ट्रेशन सक्तीचं हवं, डॉक्टरांना असतं तसं. अमेरिकेत वायोमिंगने १९०७ साली पहिला कायदा केला तो याचसाठी, पाण्याच्या हक्कांच्या अर्जासोबतचे नकाशे कोणीही काढायचं आणि खाली इंजिनिअर म्हणून सही ठोकायचं. टेक्सासला तर १९३७ मध्ये शाळेत गॅसचा स्फोट होऊन जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं, आणि मग त्याच वर्षी कायदा आला. तुम्हाला काय वाटतं? विरोध असेल तर जरूर लिहा, फक्त कारणासहित.

कोडकरी
ताई अभिनंदन. पण सक्तीला माझा ठाम विरोध. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पंपांची कंट्रोल सिस्टीम लिहितो, म्हणजे माझ्या चुकीनेही माणूस मरू शकतो, तुमच्या व्याख्येत मी बसतो. आता आमच्याकडे काय झालं ते बघा, अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची पीई (प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे तिथल्या लायसन्सची) परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१९ ला बंद केली, पाच वेळा घेतली त्यात सगळे मिळून ८१ जण बसले. ८१! लाखो लोक या धंद्यात आहेत. याचा अर्थ आम्ही बेजबाबदार आहोत असा नाही, आमच्याकडे जबाबदारी कोड रिव्ह्यू, टेस्टिंग, ऑडिट यातून येते, एका माणसाच्या शिक्क्यातून येत नाही.

दुसरं म्हणजे कायदा केला की संस्था आधी शब्दाची राखण करायला लागते. ओरेगनमध्ये एकाने पिवळ्या सिग्नलची वेळ कशी मोजतात यात चूक आहे हे गणित करून इंजिनिअरांचं रजिस्ट्रेशन बघणाऱ्या बोर्डाला कळवलं आणि पत्रात मी इंजिनिअर आहे असं लिहिलं, तर बोर्डाने गणित बाजूला ठेवून त्यालाच ५०० डॉलर दंड लावला, का तर तो रजिस्टर्ड नव्हता. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती. तो कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये जिंकला, पुढे त्याचं गणित ट्रॅफिकवाल्यांच्या मार्गदर्शनातही आलं. सांगा आता, लोकांची सुरक्षितता कोणी बघितली, बोर्डाने की बिनशिक्क्याच्या माणसाने?

वाफेचा_दाब
कोडकरी, ओरेगनचं पटलं, तिथे बोर्डाचं चुकलंच. पण मी गॅस पाइपलाइनवाला आहे आणि सूट दिली की काय होतं ते सांगतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कंपनीच्या आत काम करणाऱ्या इंजिनिअरांना लायसन्समधून सूट असते, इंडस्ट्रियल एक्झेम्प्शन म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये गॅस कंपन्यांनाही ती होती. १३ सप्टेंबर २०१८ ला लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या तीन गावांत एकाच दुपारी घराघरांत आगी आणि स्फोट झाले. कारण वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. जुनी बिडाची लाइन काढून प्लास्टिकची टाकत होते, पण प्रेशर किती आहे हे रेग्युलेटरला (गॅसचा दाब सांभाळणाऱ्या यंत्राला) कळवणाऱ्या सेन्सिंग लाइन्स जुन्याच पाइपावर राहिल्या. जुना पाइप बंद केला, त्यातलं प्रेशर पडलं, रेग्युलेटरला वाटलं गॅस कमी पडतोय आणि त्याने झडप उघडली, आणखी उघडली, सगळा हाय प्रेशर गॅस घरांच्या लो प्रेशर लाइनमध्ये. एक मुलगा गेला, अठरा वर्षांचा.

यात रेग्युलेटरने त्याला सांगितलं तेच केलं. चूक कागदावर होती, कामाच्या आराखड्यात सेन्सिंग लाइन हलवायची पायरीच नव्हती. आणि त्या आराखड्यावर कोणाही पीईचा शिक्का नव्हता कारण कायद्याने लागतच नव्हता. चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात तपासणारी केंद्रीय संस्था) दोन महिन्यांत ही सूट काढायला सांगितलं आणि वर्ष संपायच्या आत राज्याने कायदा बदलला.

मी स्वतः तोपर्यंत रजिस्ट्रेशनच्या बाजूचा नव्हतो, मला ते कन्सल्टंट लोकांचं काम वाटायचं. आमच्या प्लांटमध्ये बदलाच्या फॉर्मवर सात सह्या असतात आणि प्रत्येकाला वाटतं उरलेल्या सहांनी बघितलं असेल. मीही असंच समजून सह्या केल्यात, आता नाही करत.

तिरकी_रेघ
मला हे ‘एक नाव असलं की चूक पकडली जाते’ पटत नाही. मी मेकॅनिकलमध्ये सोळा वर्षं आहे, रजिस्टर्ड आहे, तरी सांगते. कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल, १७ जुलै १९८१. लॉबीत वर टांगलेले दोन वॉकवे कोसळून ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये एकच लांब रॉड छतापासून वरच्या वॉकवेमधून खालच्यापर्यंत जात होता. बनवणाऱ्यांना त्या लांब रॉडला आटे पाडणं अवघड, म्हणून दोन तुकडे केले, खालचा वॉकवे आता वरच्याच्या बीमला लटकला आणि त्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. लोडपाथ, तुमचं नावच यावरून आहे, तुम्हाला समजावायला नको. आणि मूळ डिझाइनसुद्धा बांधकामाच्या कोडप्रमाणे (नियमांप्रमाणे) पुरेसं नव्हतं. तो इंजिनिअर रजिस्टर्ड होता ना? शॉप ड्रॉइंगवर (भाग बनवणाऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगवर) तपासल्याचा शिक्का होता ना? मग उपयोग काय झाला? लायसन्स नंतर काढून घेतलं, पण माणसं आधी मेली.

शिवाय जिथे शिक्का सक्तीचा होतो तिथे शिक्क्याचा धंदा होतो. मी ज्या पहिल्या ऑफिसात होते तिथे एक निवृत्त गृहस्थ आठवड्यातून एकदा यायचे, ढीग समोर ठेवायचा, तासाभरात सगळ्यावर सह्या. कोणी कॅल्क्युलेशनची फाइल मागताना मी बघितलं नाही. आम्ही चौघी ज्युनिअर होतो आणि आम्हाला वाटायचं मोठी माणसं बघतायत. सक्ती केली तर असे ढीग वाढतील एवढंच.

लोडपाथ
तिरकी_रेघ, हयातचं उदाहरण मी विसरूच शकत नाही, पण मी त्यातून उलटं शिकले. ‘आम्हाला वाटलं फॅब्रिकेटरने (भाग बनवणाऱ्याने) बघितलं’ आणि फॅब्रिकेटर म्हणतो ‘आम्हाला वाटलं इंजिनिअरने बघितलं’ असा वाद तिथे झाला होता, आणि बोर्डाने स्पष्ट म्हटलं की जोडणीची जबाबदारी सही करणाऱ्याची, ती दुसऱ्यावर ढकलता येत नाही. रजिस्ट्रेशन नसतं तर हे कोणी कोणाला सांगितलं असतं? माझ्या ऑफिसात आजही शॉप ड्रॉइंगमध्ये जोडणी बदलली असेल तर गणित नव्याने करायचं हा नियम आहे. ढिगावरच्या सह्यांचं मात्र खरंय. त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

दूरदेशी
एक बाजू राहतेय, ती म्हणजे प्रोसेस कोणाला झेपते. मी देश बदलला तेव्हा बारा वर्षांचा अनुभव होता. वॉशिंग्टन अकॉर्डमुळे (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायचा देशादेशांतला करार, १९८९ पासून आहे तो) माझी डिग्री चालली, पण लोक समजतात अकॉर्ड म्हणजे लायसन्स, तसं नाहीये हो, तो फक्त शिक्षण मान्य करतो, अनुभव आणि बाकीचं तुम्ही तिथे नव्याने सिद्ध करायचं. मला प्रत्येक कामाचा त्यावेळचा सुपरवायझर शोधून त्याच्याकडून लिहून आणायचं होतं. एक वारले होते, एका कंपनीला टाळं लागलेलं, एकाशी भांडून नोकरी सोडलेली, तो कशाला लिहून देतोय. काम मी केलं होतं, पूल उभे आहेत, पण कागदावर माझी सात वर्षं नाहीत. त्या काळात मी ड्राफ्टिंग केलं आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलाकडून ड्रॉइंग तपासून घेतली.

कॅनडात ४८ महिन्यांच्या अनुभवातला किमान एक वर्ष तिथलाच हवा असा नियम असायचा, म्हणजे लायसन्सशिवाय काम नाही आणि कामाशिवाय लायसन्स नाही. ऑन्टारिओने तो २०२३ मध्ये काढला, चांगलं केलं. सक्ती करा, पण मग दारही नीट उघडं ठेवा. आज ती सक्ती ज्याला ओळखीचा साहेब आहे त्याला सोपी आणि बाकीच्यांना भिंत आहे.

कोडकरी
दूरदेशी +१. हेच म्हणतोय मी.

शिसपेन्सिल
मी दहा-अकरा वर्षं रिव्ह्यूअर म्हणून इंटरव्ह्यू घेतलेत, आता थांबलोय. ब्रिटनच्या धर्तीवरची प्रोसेस, म्हणजे परीक्षा नाही, यूके-स्पेकच्या (तिथल्या रजिस्ट्रेशनच्या निकषांच्या) पाच बाबी: ज्ञान, ते वापरून केलेलं डिझाइन आणि विश्लेषण, जबाबदारी आणि नेतृत्व, संवाद, आणि व्यावसायिक बांधिलकी. रिपोर्ट आणि मग समोरासमोर बोलणं. अमेरिकेसारखी आधी एफई (मूलभूत विषयांची) मग पीई परीक्षा असलेली पद्धत जास्त न्याय्य असं पुष्कळांना वाटतं कारण पेपर सगळ्यांना सारखा. मला तसं वाटत नाही. पेपरमध्ये प्रश्न आखून दिलेला असतो. साइटवर प्रश्न काय आहे हेच आधी ओळखायचं असतं, त्या सेन्सिंग लाइनसारखं.

लोडपाथ यांच्या ‘आम्ही’बद्दल. असे रिपोर्ट मी शेकड्याने वाचलेत आणि त्यातले बरेच चांगल्या माणसांचे होते. आम्हाला ‘मी’ हवा असतो तो बढाईसाठी नाही. माझा ठरलेला प्रश्न असायचा, या कामात तुम्ही कुठे थांबलात आणि दुसऱ्याला विचारलंत? एका मुलीने सांगितलं होतं की रिटेनिंग वॉलच्या (माती अडवणाऱ्या भिंतीच्या) मागे पाण्याचा दाब तिने धरला होता पण जमिनीचा रिपोर्ट तिला पटेना, म्हणून तिने काम अडवून जिओटेक्निकलवाल्याला बोलावलं, आणि साहेब रागावले. तिचं बाकीचं बोलणं अडखळत होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिथेच ठरलं. उलट एक गृहस्थ पंचवीस वर्षांच्या अनुभवाचे, त्यांना अशी एकही जागा आठवली नाही. त्यांना परत पाठवलं, ते फार चिडले, मला वाईट वाटलं पण आजही तेच करेन.

दूरदेशींच्या भिंतीबद्दल मात्र मला लाज वाटते. सुपरवायझर गेला तर त्याच्या जागी सहकारी, क्लायंट, चेकर, कोणीही काम जवळून पाहिलेला चालायला हवा, आणि नाहीच कोणी तर माणसाला त्याच्या ड्रॉइंगसमोर बसवा आणि दोन तास विचारा. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगणारा एवढा वेळ तग धरत नाही. पण यासाठी रिव्ह्यूअर लागतात आणि ते काम बहुतेक ठिकाणी सगळे आपल्या सुट्टीच्या दिवशी फुकट करतात.

तिरकी_रेघ
सर, तुमच्यासारखे रिव्ह्यूअर असतील तर माझा विरोध निम्मा होतो. पण उरलेला निम्मा तसाच आहे. प्रवेशाला एवढी कसून तपासणी आणि नंतर आयुष्यभर कोणी बघत नाही. सीपीडीचे (नोकरी करताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) तास भरायचे, वर्गणी भरायची, झालं. माझ्या मते दर पाच वर्षांनी सही केलेलं एखादं काम उचलून तपासा, अचानक. मग तो ढीग संपेल.

लोडपाथ
हे मला फार आवडलं, मी अशा तपासणीला आनंदाने तयार आहे. आणि माझं मूळ म्हणणं थोडं बदलते: सगळ्या इंजिनिअरांना सक्ती नको, पण लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक आराखड्यावर एका रजिस्टर्ड माणसाची सही हवी, कंपनीच्या आतला असो की बाहेरचा. कोडकरी, तुमच्या पंपांच्या कंट्रोल सिस्टीमलासुद्धा.

कोडकरी
आमच्यात एका रिलीजमध्ये तीस जणांचा कोड असतो, दर आठवड्याला बदलतो. एकजण सही करणार म्हणजे त्याने न वाचलेल्यावर सही करणार, म्हणजे तिरकी_रेघ यांचा तो ढीगच. सेफ्टीच्या छोट्या भागापुरतं, जो क्वचित बदलतो, तिथे एकाचं नाव असावं इथपर्यंत मी येतो. त्याच्या पुढे नाही.

दुसरं_वर्ष
सगळ्यांचं वाचलं. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षात आहे, ट्रेनिंगचं लॉगबुक आहे पण साहेब तीन महिन्यांनी एकदम सह्या करतात, न वाचता, आणि मलाच तेव्हा काय काय केलं आठवत नाही. आत्तापासून काय करू?

शिसपेन्सिल
साहेबांच्या सहीची वाट बघू नकोस. स्वतःची वही कर, दर शुक्रवारी. काय ठरलं, कोणी ठरवलं, मला वेगळं काय वाटत होतं. तिसरी ओळ कधीच सोडू नकोस.

लोडपाथ
आणि सोबत ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लिही. मी ते लिहिलं नव्हतं आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी जुन्या सर्व्हरवर दीड महिना शोधत बसले होते.