स्टिअरिंगचा प्ले (मोकळी हालचाल) जात नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, वडिलांची 1964 ची गाडी आहे, वर्म अँड रोलर स्टिअरिंग बॉक्सवाली (स्टिअरिंगबरोबर स्क्रूसारखा वर्म फिरतो, त्याच्या आट्यांत बसलेला रोलर सरकतो आणि चाकं वळतात). गाडी सरळ असताना स्टिअरिंग दोन इंच नुसतंच फिरतं मग कुठे चाकं हलतात. टाय रॉड एंड (चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) बदलले, किंग पिनला (चाक जिच्यावर वळतं ती पिन) ग्रीस मारलं, बॉक्समध्ये 90 नंबरचं गिअर ऑइल भरलं तर ते ड्रॉप आर्मजवळच्या (बॉक्सबाहेरचा, चाकांकडे हालचाल नेणारा दांडा) सीलमधून थेंब थेंब गळतंय, खाली काळा चिकट थर बसतो. वर्म-रोलरमधली फट कमी करणारा बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू पाव फेरा आवळला तर सरळ जाताना मस्त पण पूर्ण वळवलं की जाम, म्हणून लगेच परत ढिला केला, वर्म मधल्या भागातच घासलंय बहुतेक, गाडी जास्त सरळच चालते ना. बॉक्स न उतरवता सील बदलता येतं का? आणि वर्म-रोलर दोन्ही बदलायलाच लागतील का? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, गाडी नुसती उभी ठेवायची नाहीये मला.