शब्दचर्चा: क्यूबिटांचं 'कपलिंग', म्हणजे युग्मन, जोडणी की आणखी काही?

ओसरी:
मंडळी, एक शब्द अडला आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर वीज विनाविरोध वाहू देणाऱ्या) परिपथांवर चालणाऱ्या क्वांटम संगणकाची माहिती मराठीत लिहिते आहे. वाचणार आठवी ते दहावीची मुलं. जोसेफसन जंक्शनपर्यंत गाडी बरी चालली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये त्याच धातूच्या ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा, आणि तो विद्युतरोधक असूनही आरपार जाणारा प्रवाह, हे मुलांना चित्र काढून सांगता येतं. पण एकट्यादुकट्या क्यूबिटाकडून, म्हणजे या संगणकातल्या माहितीच्या मूळ एककाकडून, काही होत नाही, ते एकमेकांशी 'कपल' करावे लागतात. इथे मी 'युग्मन' लिहिलं आणि कपलरला, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या भागाला, 'युग्मक'.

मसुदा दहावीतल्या भाचीला वाचायला दिला. ती म्हणाली, "मावशी, संगणकात युग्मक कुठून आले?" तिच्या पुस्तकात युग्मक म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी! आणि मी तर लिहिलं होतं, 'शेजारच्या दोन क्यूबिटांच्या मध्ये एक युग्मक असतो.' लगेच खोडलं.

दुसरी अडचण अशी की युग्म म्हणजे जोडी. 'पाच क्यूबिटांचं युग्मन' लिहिताना हात अडखळतो. काय लिहू?

शुद्धमती:
युग्मक बदला, पण युग्मनाला हात लावू नका. 'युग्मित आंदोलक' शिकूनच आम्ही पदवीचा पेपर दिला. मूळ शब्दाचा अर्थ एवढा ताणायचा नसतो. तेल हा शब्द तिळावरून आला म्हणून शेंगदाण्याचं तेल म्हणायचं सोडलंय का आपण? पाचांचं युग्मनही चालेल, चार दिवसांत कान सरावतात.

निवृत्त वायरमन:
मी आयुष्यभर मोटर-पंपाचं कपलिंग बसवलं. दोन शाफ्ट समोरासमोर आणायचे, मध्ये रबर घालायचं, आवळायचं. एक फिरला की दुसरा फिरलाच. आम्ही त्याला कपलिंगच म्हणतो आणि शेतकरीही कपलिंगच म्हणतो. मराठीच हवं असेल तर 'जोडणी' लिहा, कोणाला विचारायला नको.

लंबक:
काका, तुमच्या कपलिंगात आणि या कपलिंगात एक मोठा फरक आहे, आणि शब्द त्या फरकावरच अडलाय. तुमचे दोन शाफ्ट आवळल्यावर एकच झाले, दोघांचा वेग सारखा. क्यूबिटांचं तसं होत नाही. ते आपापले राहतात, फक्त एकाची हालचाल दुसऱ्याला जाणवते. बहुतेक ठिकाणी दोघांमध्ये धातूचा धागासुद्धा नसतो. मध्ये फट असते, आणि फटीपलीकडच्या पट्टीपर्यंत विद्युतक्षेत्र पोचतं एवढंच. म्हणजे कपॅसिटर. त्यामुळे 'जोडणी' म्हटलं की नळजोडणी, वीजजोडणी डोळ्यांपुढे येते आणि चित्र चुकतं.

ओसरीताई, मुलांना एक प्रयोग दाखवा. खिडकीच्या दोन गजांना सुतळी आडवी बांधा, थोडी सैल. तिच्यावर वीतभर अंतरानं दोन सारखी कुलपं सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी टांगा. एक कुलूप झुलवा, दुसरं स्थिर ठेवा. काही हेलकाव्यांनी पहिलं मंदावतं, दुसरं झुलू लागतं. मग पहिलं जवळपास थांबतं आणि सगळा झोका दुसऱ्याकडे गेलेला असतो. थोड्या वेळानं परत उलट. आता एका कुलपाची दोरी चार बोटं आखूड करून बघा. देवाणघेवाण अर्धवटच होते, झोका पुरता पलीकडे जातच नाही. सुतळी तीच, गाठी त्याच, पण ताल जुळत नाही.

अतिसंवाहक क्यूबिटांत हेच चालतं, फक्त आकडे वेगळे. क्यूबिटाचे हेलकावे सेकंदाला साधारण 5 अब्ज, म्हणजे 5 गिगाहर्ट्झ. सुतळीचा जोर त्यामानानं किरकोळ, काही मेगाहर्ट्झ ते काही दहा मेगाहर्ट्झ. 20 मेगाहर्ट्झ धरला तर एकातली ऊर्जा दुसऱ्यात पूर्ण जायला सुमारे 12 नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात क्यूबिटाचे साठेक हेलकावे होतात. म्हणजे ही घट्ट आवळलेली जोडणी नाही, सैल सुतळी आहे. तुमच्या शब्दात हा सैलपणा यायला हवा.

होडीवाला:
मग शब्द तयारच आहे की हो. सांगड.

आज आपण 'अभ्यास आणि खेळ यांची सांगड घाला' इतकंच म्हणतो, पण सांगड ही मुळात वस्तू आहे. नदी ओलांडायला वाळके भोपळे एकत्र बांधायचे, किंवा दोन होड्या शेजारी ठेवून आडव्या वाशांनी बांधायच्या, ती सांगड. बांधलेल्या होड्यांवर उभं राहून बघा. एकीवर पाय दिला की ती दबते, आणि क्षणभरानं दुसरी हलते. दोन्ही होड्या आपापल्या तरंगतात, एकीची दुसरी झालेली नसते. लंबक म्हणतात ते सगळं यात आहे.

शिवाय सांगड सैल असते, घट्ट असते, घालता येते, सोडता येते. आणि दोनच हवेत अशी अट नाही, 'तिन्हींची सांगड घालणं' आपण रोज म्हणतो.

शुद्धमती:
शब्द गोड आहे, मान्य. पण विशेषण करून दाखवा. 'युग्मित क्यूबिट' सरळ होतं. 'सांगडित' म्हणणार? आणि कपलर म्हणजे 'सांगडक'? पुढे एखादा 'सांगाडा'ही लिहील.

होडीवाला:
विशेषण नाही होत, खरंय. 'सांगड घातलेले क्यूबिट' म्हणायचं. दोन अक्षरं जास्त लागतील. कपलरला कपलरच राहू द्या, स्विचला कुठे आपण बटणक म्हणतो?

नवी पालवी:
मध्येच विचारते, राग मानू नका. सांगड म्हणजेच एंटँगलमेंट ना? एका व्हिडिओत दोन्ही एकच असल्यासारखं सांगितलं होतं. मी वहीत 'गुंतवणूक' लिहून ठेवलं होतं, मग वाचून माझं मलाच हसू आलं.

लंबक:
अजिबात एक नाही, आणि ही चर्चा झाली हे बरंच झालं, कारण मराठीत या दोघांना जवळचे शब्द दिले की गोंधळ कायमचा बसेल.

सांगड ही परिपथाची गोष्ट आहे. चिपवर फट किती, पट्टी केवढी, यावर ती ठरते. दोन्ही क्यूबिट रिकामे, काही न करता पडले असले तरी ती असू शकते. एंटँगलमेंट ही त्या घटकेच्या अवस्थेची गोष्ट आहे. पुन्हा कुलपांकडे या. एका क्यूबिटात ऊर्जेचा एक क्वांटम, म्हणजे सर्वांत लहान पुडी, घाला, दुसरा रिकामा ठेवा, आणि सांगड चालू करा. पूर्ण वेळ चालू ठेवली तर तो क्वांटम इकडचा तिकडे गेला, बस. आता दुसरा भरलेला, पहिला रिकामा, आणि एंटँगलमेंट शून्य. पण निम्म्या वेळात थांबवलंत, तर तो क्वांटम ना धड इकडे ना धड तिकडे. एकाला स्वतंत्रपणे भरलेला किंवा रिकामा म्हणताच येत नाही, दोघांबद्दल मिळूनच बोलावं लागतं. ती एंटँगलमेंट. इथे कुलपांची उपमा संपते, बरं का. निम्म्या वेळी दोन्ही कुलपं थोडी थोडी झुलतात, त्यात गूढ काही नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्या निम्म्या क्षणी सांगड सोडून टाका. क्यूबिट एकमेकांपासून तुटले, तरी एंटँगलमेंट शिल्लक राहते. सांगड सुटली, गुंफण राहिली. म्हणून एंटँगलमेंटला मी 'गुंफण' म्हणेन. 'गुंता' नको, गुंता आपण सोडवायला बघतो आणि इथे तर लोक तो टिकावा म्हणून यंत्र 20 मिलिकेल्विनच्या खाली, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करतात.

ओसरी:
'सांगड सुटली, गुंफण राहिली' हे मी उचलणार. पण एक शंका. चिपवर पट्टी नि फट एकदा कोरली की कोरली. मग सांगड 'सोडायची' कशी?

लंबक:
पूर्वीचा एक उपाय असा. एका क्यूबिटाचा ताल बदलायचा, म्हणजे आखूड दोरी करायची. काही रचनांमध्ये आजही तेच करतात. पण त्यात सांगड सुटत नाही, झाकली जाते, थोडी झिरपतच राहते.

दुसरा मार्ग मला फार आवडतो. दोन क्यूबिटांच्या मध्ये तिसरा तसलाच परिपथ ठेवायचा. आता दोघांत दोन वाटा झाल्या, एक थेट, एक तिसऱ्यामार्फत. तिसऱ्याचा ताल चुंबकीय क्षेत्रानं असा लावायचा की दोन वाटांचे परिणाम एकमेकांविरुद्ध येऊन बरोबर फिटतील. दोर आणखी एक बांधला आणि सांगड शून्य झाली! गूगलच्या 2019 च्या सायकामोर चिपवर असे एकूण 142 ट्रान्समॉन (क्यूबिटासाठी वापरतात तो एक प्रकारचा अतिसंवाहक परिपथ) होते, त्यातले 54 क्यूबिट म्हणून आणि 88 कपलर म्हणून. (एक क्यूबिट चाललाच नाही, म्हणून हिशेबात 53.) हिशेब करणाऱ्यांपेक्षा मध्यस्थ जास्त! आयबीएमनं बरीच वर्षं कायमच्या सांगडीवर काम चालवलं आणि 2023 च्या 133 क्यूबिटांच्या हेरॉन चिपमध्ये सोडती सांगड आणली.

निवृत्त वायरमन:
म्हणजे मध्ये मध्यस्थ आहे, पण त्याचं काम दोघांना बोलू न देणं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं.

मागचा बाक:
दोघादोघांचं झालं, मूळ प्रश्न अनेकांचा होता. यात दोन शब्दांची गरज आहे असं मला वाटतं. कोण कोणाशी जोडलंय याच्या नकाशाला 'जोडणी' म्हणा, वायरमनकाकांचा शब्द वाया जाणार नाही. आणि प्रत्येक दुव्यात जोर किती, त्याला 'सांगड'. आयबीएमच्या हेरॉनसारख्या चिपवर षटकोनी जाळी असते, कोपऱ्यांवर क्यूबिट आणि कडांच्या मध्येही क्यूबिट. तिथे एका क्यूबिटाला जास्तीत जास्त तीनच शेजारी. ही जोडणी विरळ ठेवतात ती मुद्दाम, शेजारी वाढले की नको ती ऊठबसही वाढते. विरळ जोडणीत दूरच्या क्यूबिटाला निरोप द्यायचा तर हातोहात पोचवावा लागतो, आणि प्रत्येक हाताला चूक होऊ शकते.

अनेकांना एकत्र आणायची आणखी एक तऱ्हा म्हणजे बस, सगळ्यांची मिळून एकच सामायिक वाट. 2007 मध्ये येलच्या गटानं दोन ट्रान्समॉन एका सूक्ष्मलहरी अनुनादकाच्या (ठरावीक तालालाच घुमणाऱ्या परिपथाच्या) दोन टोकांना ठेवले, एकमेकांपासून काही मिलिमीटर लांब, आणि अनुनादकामार्फत त्यांची सांगड घातली. याला मराठी शब्द शोधू नका. पॅनेलमधला बसबार इथे सगळ्यांना माहीत आहे, काका साक्षीला आहेत.

निवृत्त वायरमन:
आहे. तांब्याची पट्टी, सगळ्यांची एकच.

कुलाबेकर:
आपल्याकडचं कोणी सांगेना म्हणून लिहितो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्यूबिटांवर बरंच काम झालंय, आणि त्यातलं एक उदाहरण 'सांगड' शब्दाला थोडं अडचणीचं आहे. 2017 चं ट्रायमॉन. चार जोसेफसन जंक्शनं कड्यासारखी जोडून केलेला तो एकच परिपथ. त्याच्या हेलकाव्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा, आणि प्रत्येक तऱ्हा म्हणजे एक क्यूबिट. तिघांचंही एकमेकांशी नातं, पण ते नंतर कोणी बांधलेलं नाही, एकाच अंगातलं आहे. ऊर्जेची देवाणघेवाणही नसते, एकात क्वांटम आला की दुसऱ्याचा ताल थोडा सरकतो इतकंच. होड्या वेगळ्या नाहीतच, मग सांगड कशाची?

त्याच संस्थेतली दुसरी कल्पना कडं-अनुनादकाची, म्हणजे क्यूबिट एका गोल अनुनादकाला लावायचे. चाळीची सामायिक गॅलरी समजा. शेजारच्या खोलीतच नाही, पलीकडच्या टोकालाही सरळ जाता येतं. या रचनेवरच्या 6 क्यूबिटांच्या प्रोसेसरची सर्वांगीण चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. चिप कुलाब्याची, नियंत्रण आणि मोजमापाची यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं उभारलेली, टीसीएसचाही सहभाग.

होडीवाला:
ट्रायमॉनला 'अंगची सांगड' म्हणू? नाही, ओढून आणल्यासारखं वाटतं. तिथे सरळ 'परस्परसंबंध' लिहा. एक शब्द सगळीकडे लागलाच पाहिजे असं नाही.

शुद्धमती:
माघार घेते, पण एक अट. परीक्षेच्या पुस्तकात आणि शोधनिबंधात युग्मन राहू दे, तिथे विशेषणं लागतात. मुलांसाठी सांगड. आणि कृपा करून 'क्यूबिट्सची' लिहू नका. 'क्यूबिटांची' म्हणा. बस आपण मराठी करून घेतली ना, मग बसगाड्यांना 'बसेस'ची शेपूट कशाला?

ओसरी:
आत्ताच लिहून काढलेला तुकडा देते, चुका सांगा:

"दोन क्यूबिट शेजारी ठेवून त्यांची सांगड घालतात. सांगड म्हणजे दोन होड्या बांधाव्यात तशी सैल गाठ. एक हलली की दुसरीला कळतं, पण दोन्ही वेगळ्याच राहतात. सांगड थोडा वेळ चालू ठेवून बरोबर मध्येच सोडली, तर दोन्ही क्यूबिटांच्या अवस्था एकमेकींत गुंफल्या जातात. सांगड सुटते, गुंफण राहते."

भाचीनं वाचलं. होडी कळली म्हणाली. मग विचारलं, सांगड पूर्ण सुटलीच नाही, थोडी लोंबकळत राहिली, आणि एकाचं बोलणं नको असताना दुसऱ्यानं ऐकलं तर त्याला काय म्हणतात? मी म्हटलं क्रॉसटॉक. "मराठीत?" मी गप्प.

निवृत्त वायरमन:
लँडलाइनच्या काळात त्याला क्रॉस कनेक्शन लागलं म्हणायचे. आमच्याकडे एकदा पलीकडून एक बाई आमटीची कृती सांगत होत्या, बायकोनं फोन न ठेवता पूर्ण ऐकून घेतली.

ओसरी:
घेतलं. आमटीसकट.