महिदपूरची लढाई संगणकावर मांडून काही कळतं का?

नकाशेवाला, इंदूर
महिदपूर म्हटलं की आपली मंडळी होळकरांच्या कारभारीण तुळसाबाईंचा खून आणि त्यांचा सरदार गफूरखान याची फितुरी यांवरच अडकतात. २१ डिसेंबर १८१७ ला इंग्रजांवर रोखलेल्या होळकरांच्या तोफांना क्षिप्रेचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा, दिसत होता का, हे कोणी विचारत नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काढता येतं. जुना लढाईनकाशा जिओरेफरन्स करा, म्हणजे ओळखीचे बिंदू जुळवून आजच्या नकाशावर बसवा, प्रोजेक्शन (नकाशाची मापपद्धत) यूटीएम ४३ उत्तर, खाली कोपरनिकसचा ३० मीटरच्या चौकटींचा डीईएम, म्हणजे उंचीचा नकाशा. तोफेच्या जागी दीड मीटर उंची देऊन व्ह्यूशेड (तिथून काय काय दिसतं त्याचा हिशोब) चालवा आणि छर्र्यांच्या माऱ्याचं ३०० मीटरचं वर्तुळ काढा.

काळी_माती
हाती येईल ते रंगीत चित्र. इंग्रज सेनापती हिस्लॉपचं पायदळ उतार ओलांडून पलीकडच्या काठाच्या आडोशाला जमलं आणि तिथून संगिनी घेऊन तोफांवर धावलं. चार मीटरचा काठ ३० मीटरच्या चौकटीत सपाट होऊन जातो. म्हणजे ज्या आडोशाने डाव फिरला तोच गायब! शिवाय त्या डीईएममध्ये आजची झाडं आणि घरंही उंचीत धरलेली असतात.

जिओरेफरन्सचंही तेच. थिन प्लेट स्प्लाइन ही लवचिक जुळणी लावली की चूक शून्याच्या आसपास दिसते, कारण नकाशा जुळणीच्या बिंदूंवर रबरासारखा ताणून बसवलेला असतो. पहिल्या घाताचा पॉलिनॉमियल, म्हणजे नकाशा न वाकवणारी जुळणी, ठेवा, दहा बिंदू घ्या, त्यातले दोन फक्त तपासायला राखा. आणि बिंदू देवळांचे, बुरुजांचे घ्या. नदीची वळणं नकोत, पात्र सरकतं.

नकाशेवाला, इंदूर
बिंदूंचं मान्य. काठापुरता आरटीके (अगदी अचूक जीपीएस) घेऊन दर मीटरला उंची मोजली तर?

काळी_माती
मिळेल तो आजचा काठ.

शिलेदार
दोघेही जमिनीवरून फिरताय. जमिनीत काय आहे ते बघा. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर १९८४ मध्ये मेटल डिटेक्टरने रिकामी काडतुसं शोधून, प्रत्येकाची जागा मोजून माणसांच्या हालचाली मांडल्या. इथेही सोयाबीन निघाल्यावर, गहू पेरायच्या आधी, दोन-दोन मीटरच्या पट्ट्यांत फिरता येईल. फक्त खिळे टाळायला लोखंडाचा आवाज बंद करू नका, लोखंडी छर्रेही त्यातच जातात.

काळी_माती
तिथे धातूची काडतुसं होती, १८१७ ला ती नव्हती. इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीची शिशाची गोळी १७.५ मिलिमीटरच्या आसपास, पण होळकरांच्या कवायती पलटणींकडेही तशाच चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, बंदुका होत्या. नुसत्या मापावरून बाजू ठरत नाही. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, गोळी भेगेत उतरते, नांगर तिला वर काढतो. शिवाय जमिनीत सापडलेला जुना मौल्यवान ठेवा सरकारला कळवायला लावणारा १८७८ चा निखात निधी कायदा आहे, परवानगीशिवाय खणायला जाऊ नका.

नकाशेवाला, इंदूर
मग काठ ०, २ आणि ४ मीटर धरून तीन व्ह्यूशेड काढतो. दोनला पायदळ दिसतं आणि चारला झाकतं, असं निघालं तर नकाशाखाली तेवढंच लिहीन. गफूरखान त्यात नाही.

काळी_माती
हे चालेल. माणसाची उंचीही १.६ मीटर द्या, नाहीतर जमीन दिसते की शिपाई, तेच कळणार नाही.